आईंची माळ आणि बोंबील

६ जानेवारी, मंगळवार

आईंनी आज बोंबील मागितले. सुके. भाजून, वर कच्चा कांदा.

मी दुधात पोळी कुस्करून चमचा तोंडापाशी नेला होता. त्यांनी तोंड फिरवलं आणि रोज मागत असल्यासारखं म्हणाल्या, "मना बोंबील भाजून दे गो." गंमत करतायत असं वाटलं. पण सासूबाई गंमत करायच्या तेव्हा डोळे बारीक करायच्या. आज डोळे मोठे होते.

लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ बघतेय. शेजारणीने अंड्याचा केक आणला तर ती बशीसुद्धा ओट्यावर ठेवू न देणारी बाई.

नवऱ्याला, सुधीरला, सांगितलं नाही. दुसऱ्या शिफ्टला निघायच्या घाईत होता.


९ जाने., शुक्र.

आईंचं वजन परत उतरलंय. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार, त्याला फार काही करता येणार नाही. पण खाणं थांबलं तर मग कठीण. अंडं, मासळी, जे आवडेल ते द्या. सु. लगेच म्हणाला, "वो माळकरी हैं, नहीं चलता." डॉक्टरांनी मान हलवून पावडर लिहून दिली.

पावडर दुधात घालून दिली. बेसिनमध्ये थुंकली. परत दिली, परत थुंकली.

येताना रिक्षा निजामपुऱ्यात अडकली, नेमकी सुक्या मासळीच्या दुकानांसमोर. आईंनी माझा हात धरला आणि मान पुढे काढून वास घेत राहिल्या. लहान मूल भजीच्या गाडीसमोर उभं राहतं तशा. सु. पुढे बसला होता. "भाई, गल्ली से निकालो ना." रिक्षावाला म्हणाला, गल्लीत लूमच्या कापडाचा टेम्पो लागलाय, कुठून काढू. मग आम्ही तिघं तसेच बसून होतो. सु. ने मागे वळून बघितलं नाही. पण त्याला कळलं असणार.


११ जाने., रवि.

रंजू आली होती कोन गावाहून. माझी नणंद, सु. पेक्षा धाकटी, पण आवाज थोरलीचा. तिला बोंबलाचं सांगितलं तर आधी पोट धरून हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली.

माळेची गोष्ट मला अर्धीच माहीत होती. सासरे प्यायचे हे माहीत होतं. पण माळ आधी कोणी घातली हे आज कळलं. गावात बुवांचं कीर्तन होतं. अंबाडीच्या पुढे आमचं गाव, बुवा शेजारच्या पाड्यातले. त्यांनी सासऱ्यांना माळ घ्या म्हटलं. माळ म्हणजे दारू बंद, मटण-मासळी बंद. सासरे हसून म्हणाले, बायको घालेल तर घालतो. त्यांना वाटलं, ही कसली घालतेय. आईंसारखं बोंबलाचं कालवण त्या पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हतं म्हणे. आई उठल्या आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन मान वाकवून बसल्या. नवरा कात्रीत सापडला.

"घरी आली नि मासळीची सगळी मडकी उचलून बांधावर फोडली," रंजू म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर चुलीवर दुधी. बाबांची दारू सुटली नि शिक्षा आम्हाला."

सु. ऐकत होता. रंजू त्याच्याकडे वळली. "दादा, तू धाब्यावर कोंबडी खातोस नि आईची माळ सांभाळतोस. चांगला भक्त."

तो म्हणाला, "मी माझं खातो. तिची तिने घातलीय."

"मग आता तीच मागतेय ना."

"ती मागत नाही. आजार मागतोय."

भांडी घासताना तेच डोक्यात. बोंबील आजार मागतोय. मग संध्याकाळी दिवा लागल्यावर त्याच आई एक शब्द न चुकता भजन म्हणतात, ते कोण म्हणतं? स्वतःच्या मुलाला कधी कधी 'भाऊ' म्हणून हाक मारणारी बाई. चांगलं ते आईंचं आणि नको ते आजाराचं, ही वाटणी कोण करणार?


१५ जाने., गुरु.

स्टाफरूममध्ये एकीच्या डब्यात सुकट होती. जवळ्याची, कोकम घालून. तिने दिली, मी खाल्ली. जास्तच खाल्ली. मग घरी निघण्याआधी शाळेच्या नळावर खळखळून चुळा भरल्या, हात दोनदा धुतले, बोटांचा वास घेऊन बघितला.

किती वर्षं करतेय हे? मला कुणी सांगितलेलं नाही. आईंनी तर कधीच नाही. एकदाच, अगदी नवीन असताना, मी माहेरून मासे खाऊन आले होते आणि त्यांना पाणी दिलं. त्यांनी घेतलं, प्यायल्या. फक्त नंतर बराच वेळ देवापाशी बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्यानंतर या घरात मासळी आली नाही, ती माझ्यामुळे आली नाही. सु. शर्ट बदलतो, गुळण्या करतो, मग आईच्या खोलीत जातो. मी देव मानते का? विचारलं तर सांगता येणार नाही. पण फोन उचलला की तोंडातून 'रामकृष्णहरी' निघतं आणि एकादशीला हात आपोआप भगरीच्या डब्याकडे जातो. माळ एकीच्या गळ्यात, पण घर सगळंच तिच्यात ओवलेलं.

आणि आज एक शंका आली, ती लिहून ठेवते. आईंना बोंबील द्यावेत असं मला वाटतं, ते त्यांच्यासाठी? की मलाच एकदा या ओट्यावर


(१६ जाने. काल वाक्य अर्धंच राहिलं, कुकरची शिट्टी झाली. पूर्ण करत नाही.)


१८ जाने., रवि.

बुवा आले होते. सु. ने बोलावलं. त्याला वाटलं, बुवा समजावतील, आई ऐकतील. फार म्हातारे झालेत, नातवाच्या मोटरसायकलवरून आले, उतरल्यावर कंबर धरून जरा वेळ उभे राहिले.

आईंना सकाळपासून माझं नाव आठवत नव्हतं. बुवा दारात दिसले मात्र, त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला, वाकून पायांवर डोकं ठेवलं. बुवाही वाकले त्यांच्या पायांशी. दोघंही "माउली, माउली" म्हणत एकमेकांना उठवत होते. मग बुवांनी टाळी धरली, आईंनी अभंग उचलला. खालचा सूर, जरा कापरा, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. सु. भिंतीला टेकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं होतं की, बघा, सांगत होतो ना, आई इथेच आहे.

बुवा जायला उठले. आईंनी हात धरला.

"असे कसे जाल? जेवून जा. सुनेला सांगतंय, बोंबलाचा कालवण करेल. वांगा घालून."

सु. चा चेहरा पांढराफटक. बुवांनी आईंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज उशीर झाला, माउली. परत येईन तवा जेवेन." आईंनी मान डोलावली, जसं घरधनीण पाहुण्याला सोडते.

जिन्यात मी त्यांना गाठलं. सरळ विचारलं, द्यायचे की नाही? ते पायरीवर बसले. म्हणाले, "माळ घालताना मी विचारतो, पाळशील ना. माणूस हो म्हणतो. विसरून गेला तर काय करायचा, ते मना कुणी सांगितला न्हाय, मी कुणाला सांगितला न्हाय. ती पाळीत होती, मी बघत होतो. मी म्हणजे कोण, गळ्यात दोरा घालणारा." मग म्हणाले, "मना ठाऊक न्हाय, बाय."

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या दिवसांत 'ठाऊक नाही' म्हणणारा पहिलाच माणूस भेटला.


२२ जाने., गुरु.

सु. म्हणतो, बुवा हो म्हणाले नाहीत, म्हणजे नाहीच. मी म्हणते, नाही म्हणाले नाहीत. दोघंही खरं बोलतोय आणि आई दूध-पोळीसुद्धा आता दोन घासांवर सोडतात. पाठीची हाडं साबण लावताना हाताला लागतात.

मी आज सु. ला म्हटलं, तुझा विठ्ठल उपाशी म्हातारीवर रागावेल का? तो म्हणाला, "विठ्ठलाचं सोड. तिला जर कधी कळलं तर? एक दिवस शुद्धीवर आली आणि कळलं, की आपल्याला मासळी चारली, आपल्या सुनेने, आपल्या मुलासमोर?"

खरंच. आली तर?

येत नाहीत, डॉक्टर म्हणाले. पण बुवांपुढे आल्याच होत्या की.


२९ जाने., गुरु. एकादशी

भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. आईंनी वाटीभर खाल्ली, वर आणखी मागितली. कितीतरी दिवसांनी. एकादशी आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. वासाने कळलं की काय. सु. ने स्वतः भरवलं, खूश होता, माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ. तिला तिचंच हवं असतं."

हात धुऊन आई मला म्हणाल्या, "गो, उद्या बाजारला जा. बोंबील घेऊन ये. कोवळं बघून आण."

सु. वाटी घेऊन आत गेला. नळ बराच वेळ चालू होता.


१ फेब्रु., रवि.

संध्याकाळी गॅलरीत चहा. लाइट गेलेली, त्यामुळे मागच्या गल्लीतले लूम बंद, इतकी शांतता की आपण काही तरी बोलायलाच हवं असं वाटतं. सु. आपणहून बोलला. तो सहसा बोलत नाही.

म्हणाला, रंजू लहान होती, तिला मडकी आठवतात. मला त्याच्या आधीचं आठवतं. बाबा यायचे ती वेळ. आई मला धान्याच्या कणगीमागे उभं करायची आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून स्वतः मोठ्याने काही तरी म्हणत राहायची. "माळ आली त्या दिवसापासून बाबांनी हात उचलला नाही. एकदाही नाही. तुला वाटतं मी धर्म धरून बसलोय. मी तो दिवस धरून बसलोय."

त्याच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी वर्षं एका छपराखाली, आणि त्या माळेत त्याचं काय अडकलंय ते मला माहीत नव्हतं.

मग मनात आलं ते त्याला म्हटलं नाही, इथे लिहिते. आईंनी तेव्हा आपली आवडती गोष्ट टाकून घर विकत घेतलं. किंमत पूर्ण फेडली. सासरे जाऊन किती वर्षं झाली. अजून फेडतच राहायचं का? पण मग त्या भजनाचं काय? ते तर सौद्यातलं नव्हतं. ते त्यांचं होतं, आनंदाने म्हणायच्या, पोळ्या लाटता लाटता. सौदा कुठे संपला आणि भक्ती कुठे सुरू झाली, हे त्यांना तरी सांगता आलं असतं का? विचारायला हवं होतं, तेव्हा. तेव्हा मी चुळा भरत होते.


८ फेब्रु., रवि.

सगळं नीट लिहून ठेवते, उद्या गोंधळ होईल.

सकाळी आंघोळीनंतर आईंचं पातळ नेसवताना माळ तुटली. दोरा जुना होता, त्या हल्ली सारख्या ओढतातही. मणी बाथरूमच्या दारापर्यंत गेले. मी गुडघ्यांवर बसून गोळा केले, काही कपाटाखाली गेले ते केरसुणीने काढले. सु. ला सुट्टी होती. मणी बघून त्याने काही न बोलता पँट चढवली, अंबाडीला निघाला. नवी माळ आणायची, जमलं तर बुवांनाच घेऊन यायचं. माळकऱ्याने गळ्यात माळ नसताना पाणीही प्यायचं नाही, तोपर्यंत काय करायचं ते मला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

तो गेला आणि तासाभरात रंजू आली, हातात डबा. बोंबील, वांगं घालून. म्हणाली, "मी आणणारच होते, दादा असो नसो." माळ तुटलेली कळल्यावर तिचा चेहरा उजळला. "वहिनी, तुटली म्हणजे सुटली. आपण नाही तोडली. देवानेच मोकळी केली आयेला. नवी येईपर्यंत तिला काही नियम नाही. आताच वाढ."

खोटं कशाला लिहू, मलाही तसंच वाटलं. सुटल्यासारखं. माळ मोडायची नाही, सु. ला दुखवायचं नाही, आईंच्या पोटात घास जाईल. इतकं सोपं होतं. मी डबा गरम केला. या ओट्यावर. घरभर वास.

ताट पुढे ठेवलं. आईंनी वास घेतला, डोळे मिटले, हात पुढे केला. मग तोच हात गळ्याकडे गेला. चाचपडला. इकडे, तिकडे, मानेमागे.

"माळ कुठं हाय?"

रंजू म्हणाली, "आये, तुटली. जेव तू."

"गळ्यात माळ न्हाय. जेवू कशी?"

ताट सारलं. रंजूने वरण-भात आणला, तोही नाही. पाणी दिलं, ओठ घट्ट. आम्ही दोघी समजावत होतो आणि त्या गळा चाचपत होत्या. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, समोर बसलेली बाई कोण, काही माहीत नाही. पण गळा मोकळा आहे हे माहीत. रंजू पार खचली. "गळ्यात असली की आपण देत नाही, नसली की ती घेत नाही. करायचं काय बायांनी?" तिला मुलाला क्लासला सोडायचं होतं, रडतच गेली.

सु. चा फोन. बुवा कुठल्या गावाला सप्ताहासाठी गेलेत, उद्या परत येतील. माळ बाजारात मिळाली, पण वाडा रोडला ट्रेलर बंद पडलाय, तासन्‌तास हलणार नाही. "जेवली का?" मी नाही म्हटलं. "पाणी?" नाही. मग म्हणाला, "बघ तू."

बघ तू. काय बघू?

उन्हं कलली. आईंचे ओठ सुकले होते. मी मणी ताटलीत घेतले, शिवणाच्या डब्यातला जाड दोरा काढला, सुईत ओवला आणि एक एक मणी घातला. बुवांनी घालायची माळ मी घालणार, जिच्या गळ्यात कधी नव्हती, जिच्या हाताला बोंबलाचा वास होता. हात धुतले होते, पण वास जातो का. देवापुढे धरली. काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं. जे तोंडात येतं ते म्हटलं. मग मागून गाठ मारली.

आईंनी मणी चाचपले. माळ डोळ्यांना लावली. माझ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही सांगता येणार नाही. घटाघटा पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "वाढ आता. कालवण निवला असेल."

वरण-भात तिथेच होता, माझ्या हाताशी. मी तो उचललाही. आणि ठेवला.

बोंबील वाढले. आईंनी आधी एक घास ताटाच्या कडेला काढून ठेवला, देवाचा, रोज ठेवतात तसा. हात जोडले. माळ पदराखाली नीट सारली. मग जेवल्या. सगळं. काटे बोटांनी वेगळे करत, सवयीच्या हातांनी. वांगं आधी संपवलं. शेवटी बोट चाटलं आणि समाधानाने ढेकर दिली. "मीठ बरोबर हाय," म्हणाल्या. मग बसल्या जागी भजन सुरू केलं.

देवाचा घास अजून ताटाच्या कडेला आहे. तो कुठे ठेवायचा? तुळशीत? टाकायचा? मी खायचा? तिथेच ठेवलाय, वर झाकण घालून.

सु. आता आला. दारात बूट काढता काढता थांबला. वास आलाच असणार, खिडक्या उघड्या ठेवूनही. मी म्हटलं, "जेवल्या. पोटभर." त्याने काय जेवल्या हे विचारलं नाही. शर्ट न बदलताच आईच्या खोलीत गेला, शेजारी बसला. त्यांच्या मानेमागे माझ्या दोऱ्याची पांढरी गाठ आहे, ती बघत राहिला. आई टाळी वाजवत होत्या. त्यांनी त्यालाही टाळी धरायला लावली.

बाहेर आल्यावर खिशातून नवी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. आणि मला विचारलं, "उद्या बुवांना बोलवायचं का?"

या घरात देवाधर्माचं मला कुणी कधी विचारलेलं नाही. बुवा आले तर नवी माळ घालताना विचारणार, पाळशील ना. आई हो म्हणणार. त्या नेहमीच हो म्हणतील.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे, उत्तरासाठी. मी चहा ठेवलाय म्हणून सांगितलंय.